दप्तराबाहेरची वेदना

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांस



आपल्या खात्याकडे रोज येणाऱ्या अर्जांत, निवेदनांत आणि विधिमंडळातील प्रश्नोत्तरांत ज्या दुखण्याचे नाव क्वचितच निघत असेल, त्या दुखण्याविषयी हे पत्र आहे. नाव क्वचित निघते म्हणून ते दुखणे विरळा आहे असे मात्र नव्हे. ज्यांना ते जडले आहे त्यांना उंबऱ्याबाहेर पडणेच दुष्कर होऊन बसलेले असते. आणि चार माणसांनी उचलून त्यांना दवाखान्यापर्यंत नेले व त्यांनी आपली व्यथा सांगितली, तरी ऐकणाऱ्याचा तिच्यावर सहसा विश्वास बसत नाही. आंब्यानारळाच्या झाडावरून, स्लॅबवरून, इमारतीच्या परांचीवरून पडून, विहिरीत कोसळून, मोटारीच्या धडकेने अथवा धावत्या लोकलच्या दारातून निसटून ज्यांच्या कण्यातील मज्जारज्जूला आघात पोहोचला आणि ज्यांचे कमरेखालचे किंवा मानेखालचे अंग निकामी झाले, त्या माणसांना त्या निकामी अंगातच जी नसांची वेदना होते, तिची दाद आपल्या दप्तरी लागावी, एवढीच या पत्राची मागणी आहे.

हे पत्र आपल्या पत्त्यावर खासगी रीतीने न धाडता चारचौघांत लिहिण्याचे कारण असे की, या प्रकरणी जबाबदारी एकट्या खात्याची नाही. तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी, औषधांच्या दुकानात बसणारा विक्रेता, दिव्यांगत्वाचा दाखला देणारे मंडळ आणि रुग्णाच्या उशापायथ्याशी बसणारी घरची माणसे, या सर्वांच्या समजुतीत फरक पडल्याखेरीज कोणताही शासननिर्णय कागदावरून खाली उतरत नाही, हे आपण आमच्याहून अधिक जाणता.

लोकांचा सर्वसाधारण समज असा की, मज्जारज्जू तुटला की खालच्या अंगाचा मेंदूशी संबंध संपला, आणि संबंध संपला की त्या अंगाचे सुखदुःखही संपले. पाय हलत नाहीत हे डोळ्यांना दिसते. पायांना स्पर्श कळत नाही हे टाचणी टोचून पाहता येते. परंतु त्याच पायांची रात्रंदिवस आग होते, त्यांत मुंग्या येतात, मधूनच करंट बसतो, तळव्यांत सुया खुपसल्यासारखे होते, कमरेभोवती कुणीतरी पट्टा आवळीत नेतो, हे दिसत नाही आणि टोचूनही पाहता येत नाही. या वेदनांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यात नसांच्या दुखण्याचे मुख्य प्रकार दोन सांगितले आहेत: एक, जेथे मज्जारज्जूला इजा झाली त्या पातळीवरचे, दुसरे, त्या पातळीच्या खालचे. चाकाच्या खुर्चीचा सारा भार हातांवर पडल्याने होणारी खांदेदुखी, आतड्यांची दुखणी, स्नायूंचे आखडणे यांची गणना निराळी. यांतील पातळीखालची वेदना पुष्कळदा अपघातानंतर काही महिन्यांनी, कित्येकदा वर्ष उलटून गेल्यावर सुरू होते. म्हणजे शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्णालयाने घरी पाठविले आणि प्रकरण निकालात निघाले असे ज्या वेळी समजले जाते, नेमके त्यानंतर हे दुखणे उगवते. आणि तेव्हा त्याची नोंद करावयास कुणीही समोर नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आज जगात दीड कोटींहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत, आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून असे आढळते की त्यांपैकी सुमारे निम्म्यांना ही नसांची वेदना कायमची चिकटते. आपल्या देशातील खेड्यापाड्यांत उंचावरून पडणे हे अशा इजेचे फार मोठे कारण आहे, आणि पडणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो. २०११ च्या जनगणनेत हालचालींच्या अपंगत्वाच्या रकान्यात साऱ्या देशातील सुमारे ५४ लाख माणसे मोजली गेली. पण पोलिओने पाय वाळलेला, अपघातात पाय गमावलेला आणि मज्जारज्जूच्या आघाताने खिळलेला, हे सर्व त्या एकाच रकान्यात कोंबले गेले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार एकवीसपर्यंत वाढविले, ही मोठीच गोष्ट झाली. तरी त्याच्या अनुसूचीतही मज्जारज्जूच्या आघाताचे नाव स्वतंत्रपणे आलेले नाही, ते चलनविषयक अपंगत्वाच्या सर्वसाधारण सदरात सामावलेले आहे. जेथे इजेचेच नाव नाही, तेथे तिच्या वेदनेचे नाव कोठून असणार?

या दुखण्याचा सर्वांत क्रूर विपर्यास घरातच पाहावयास मिळतो. रात्री दोनच्या सुमारास तरणाताठा मुलगा पाय भाजतात म्हणून कण्हू लागतो. आई उठते. दुखण्यावर शेक हा आपल्याकडचा पहिला इलाज. ती चुलीवर पाणी तापविते, रबरी पिशवी भरते, आपल्या हाताच्या पाठीला लावून पाहते, सोसवेलशी वाटते म्हणून फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटरीखाली सरकविते. मुलाला त्या पिशवीची ऊब कळत नाही, तिने काही उतारही पडत नाही. तो तसाच तळमळत पहाटे कधीतरी डोळा लावतो, आणि सकाळी पांघरूण काढल्यावर पोटरीवर टरारून आलेले फोड दिसतात. जी आग कोठेच नव्हती तिने त्याला रात्रभर जागविले, आणि जी खरोखर कातडी जाळीत होती तिचा त्याला पत्ताही लागला नाही! पुढे तो फोड चिघळतो, जखम भरता भरत नाही, आणि त्या जखमेमुळे मूळची आग आणखी भडकते. या माउलीला दोष कोण देईल? संवेदना गेलेल्या अंगाला कधीही शेक देऊ नये, हे एक वाक्य रुग्णालयातून निघताना तिला कुणी सांगितले असते, तर पुढचे अनेक महिने वाचले असते.

जेथे संवेदना पूर्ण गेलेली नाही तेथील प्रकार याच्या उलट. इजेच्या पातळीवर, छातीच्या किंवा पोटाच्या भोवती, अर्धवट जाणिवेचा जो एक पट्टा उरतो, त्यावर सदऱ्याची कड घासली किंवा पंख्याचा वारा लागला तरी माणूस कळवळतो. त्याच्या शेजारी बसून त्याच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवावा, तर तो हात झिडकारतो, आणि घरच्यांना वाटते की अंथरुणाला खिळून याचा स्वभावच चिडखोर झाला.

याचा उलगडा शास्त्राने बराचसा केलेला आहे. उष्णता, शीत आणि दुखापत यांची वर्दी मेंदूकडे नेणारे जे मार्ग मज्जारज्जूतून जातात ते आघाताने तुटतात वा चिरडले जातात. परंतु त्या वर्दीवर पोसलेल्या वरच्या मज्जापेशी काही मरत नाहीत. ज्या सदर कचेरीला खालच्या ठाण्यांची डाक येणे बंद पडले, तिने गप्प बसण्याऐवजी त्या ठाण्यांच्या नावाने आपणच दंग्याधोप्याचे अहवाल लिहावेत आणि ते वाचून आपणच घाबरून जावे, तशी या पेशींची गत होते. इजेच्या जागी दाह माजतो. मज्जापेशींना आवर घालणारी रसायने उणावतात. त्यांच्या आवरणातील सोडियमचे मार्ग वाजवीपेक्षा अधिक उघडझाप करू लागतात. मेंदूकडून खाली येणारा शमनाचा हुकूमही मध्येच अडतो. आणि कोणतेही कारण नसता संकेतांचे लोटच्या लोट मेंदूकडे धावतात. वेदना म्हणजे केवळ जखमेचा निरोप नव्हे, तो निरोप कण्यातच वाढविला वा दाबला जातो, हा सिद्धान्त रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडला. पुढे १९७८ साली मेलझॅक आणि जॉन लोसर यांनी, मज्जारज्जूचा पुरता छेद झालेल्या माणसांनाही छेदाखालच्या अंगात तीव्र वेदना होतात हे दाखवून, ती वेदना वरच्या मज्जासंस्थेतच निर्माण होत असली पाहिजे असा निष्कर्ष काढला. तेव्हा, तेथे तुम्हांला काही कळतच नाही, मग दुखेल कसे, हा जो प्रश्न आजही बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या तोंडून रुग्णाला ऐकावा लागतो, त्याचे उत्तर छापून प्रसिद्ध झाल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्या प्रश्नाचा परिणाम केवळ मनाला लागण्यापुरता नसतो. केसपेपरवर दोन्ही पाय संवेदनाहीन अशी नोंद होते, आणि त्या नोंदीपुढे रुग्णाची तक्रार खोटी ठरते. दोनदा असे झाले की तिसऱ्या खेपेस तो बोलतच नाही. घरी कण्हले की बायको रडते, दवाखान्यात सांगितले की डॉक्टर हसतात, शेजारी म्हणतात मनाचे खेळ आहेत. मग माणूस दात आवळून पडून राहणे पसंत करतो, आणि पडून पडून झोप, भूक, उमेद या तिन्ही गोष्टी गमावून बसतो. पाय गेले हे आम्ही सोसले, पण ही आग सोसवत नाही, असे यांतील कित्येकजण स्पष्टच सांगतात. आणि बसून करावयाचे शिवणकाम अथवा दुकानाचा गल्ला सांभाळण्याचे काम हातून सुटते, तेही पुष्कळदा पाय नसल्यामुळे नव्हे, तर या आगीमुळे.

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारून घेतली. त्या व्याख्येच्या टिपणांत, माणसाने मला दुखते असे सांगितले तर त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे, हे तत्त्व स्पष्टपणे नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांचे जे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आणले, त्यात दीर्घकालीन वेदनेला स्वतःची जागा मिळाली आहे आणि मज्जासंस्थेच्या इजेतून उद्भवणाऱ्या वेदनेला तीत निराळे स्थान आहे. म्हणजे जगाच्या दप्तरात या दुखण्याचे खाते उघडलेले आहे. आमच्या तालुक्याच्या केसपेपरावर ते उघडावयाचे राहिले आहे.

मज्जारज्जूच्या इजेचा इतिहास पाहिला तर या दिरंगाईचे कारण ध्यानात येते. प्राचीन इजिप्तमधील ज्या शस्त्रक्रियाविषयक लेखाला एडविन स्मिथ यांच्या संग्रहावरून ओळखले जाते, त्यात अशा इजेचे वर्णन अचूक आहे, आणि ही व्याधी उपचार करण्याजोगी नाही असा निर्वाळाही आहे. तो निर्वाळा साडेतीन हजार वर्षे जवळजवळ खरा ठरला. पहिल्या महायुद्धातही असे जखमी सैनिक मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी थोड्याच काळात मरण पावत. १९४४ साली इंग्लंडातील स्टोक मँडेविल येथे लुडविग गुटमान यांनी, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी घेणे आणि त्याला कामाला व खेळाला लावणे, अशा दिसावयास साध्या पण निष्ठेने पाळलेल्या शिस्तीवर हे चित्र पालटून टाकले. १९४८ साली त्यांनी तेथे भरविलेल्या सामन्यांतूनच पुढे पॅरालिम्पिकची परंपरा उभी राहिली. आणि त्याच परंपरेत आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले, १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून देते झाले.

या पराक्रमाचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु समाजाची दृष्टी विचित्र असते. अशा माणसाकडे पाहताना तिला एक तर पदक हवे असते, नाही तर दया करावयास मिळावी असे वाटते. या दोहोंच्या मध्ये, पदक न मिळविणारा, दया न मागणारा, केवळ रात्री झोप लागावी एवढीच इच्छा धरणारा जो सामान्य माणूस आहे, त्याच्याकडे तिचे लक्षच जात नाही. पहिल्या पिढीने या माणसांना मृत्यूतून सोडविले, दुसरीने खुर्चीवर बसवून जगात आणले. त्यांना वेदनेतून शक्य तितके सोडविणे हे काम आमच्या वाट्याचे आहे, आणि शक्य तितके हे शब्द मी समजून उमजून वापरले आहेत.

कारण या वेदनेवर रामबाण उपाय नाही, हे कबूल केलेच पाहिजे. प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन आणि अमिट्रिप्टिलिन ही आजची पहिल्या फळीतील औषधे. यांपैकी प्रीगॅबालिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली खास मज्जारज्जूच्या इजेतून होणाऱ्या वेदनेसाठी मान्यता दिली. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत. ज्यांना लागू पडतात त्यांचीही वेदना बहुधा नाहीशी होत नाही, कमी होते. आणि ती तीस टक्क्यांनी उतरली तरी संशोधक त्याला अर्थपूर्ण उतार मानतात. दहापैकी आठवर असलेले दुखणे पाचावर आले, तर पाहणाऱ्याला फरक दिसणार नाही. परंतु सोसणाऱ्याला त्या फरकात सलग चार तासांची झोप मिळते. या औषधांचे दुष्परिणामही आहेत: गुंगी, चक्कर, पायांवर सूज; अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे, म्हणजे या रुग्णांना आधीच छळणाऱ्या दोन्ही गोष्टी वाढतात. म्हणून मात्रा हळूहळू चढवावी लागते, आणि चढविण्यापूर्वी वैद्याने पाहावे लागते की वेदना एकाएकी का वाढली: मूत्राशय तुंबले आहे काय, लघवीत जंतुसंसर्ग आहे काय, माकडहाडावर व्रण पडला आहे काय, शौचाला किती दिवस झाले नाही. यांपैकी एकेक कारण दूर करताच औषधाविना दुखणे खाली आल्याचा अनुभव सर्रास येतो. आणि वर्षानुवर्षे स्थिर असलेली वेदना जर नव्याने वर सरकू लागली, हातांत शिरू लागली, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असण्याचा संभव असतो. तेथे विलंब न करता एमआरआय करून पाहावयास हवे, नाही तर उरलेसुरले हातही जातात.

या औषधांविषयी एक गोष्ट आपल्या खात्याच्या विशेष कामाची आहे. ती एकदम बंद करता येत नाहीत. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन अचानक थांबले तर झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो, क्वचित फेफरेही येते. आणि स्नायूंच्या आखडण्यावर दिले जाणारे बॅक्लोफेन एकाएकी तुटले तर जिवावर बेतू शकते. तेव्हा साठा संपला, पुढच्या आठवड्यात या, हे उत्तर सर्दीतापाच्या रुग्णाला दिले तर त्याची गैरसोय होते. मज्जारज्जूच्या रुग्णाला दिले तर त्याला अपाय होतो. शिवाय, दुसऱ्याच्या खांद्यावरून अथवा भाड्याच्या रिक्षातून येणाऱ्या माणसाच्या लेखी पुढचा आठवडा म्हणजे आणखी एक दिवसाची घरच्या माणसाची मजुरी आणि आणखी एक फेरीचे भाडे असते.

दुसरी अडचण संशयाची. २०१८ साली ट्रामाडोल हे वेदनाशामक अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. पंजाबातील काही जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रीगॅबालिनच्या अधिक मात्रेच्या गोळ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले. नशेसाठी औषधांचा गैरवापर होतो हे खोटे नाही आणि त्याला आळा घालणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु हुकूम काढणाऱ्याच्या नजरेसमोर फक्त गैरवापर करणारा असतो. ज्याला ते औषध कायम लागते तो त्याच्या नजरेसमोर नसतो, कारण त्याची नोंदच कोठे नाही. उद्या आपल्या राज्यातही असा निर्बंध आणण्याची वेळ आली, तर या रुग्णांसाठी अपवादाचे कलम आधी लिहिले जावे, एवढी विनंती आहे.

आणि जेथे सरकारी दवाखाना ऐकून घेत नाही तेथे ऐकून घेणारे दुसरे भेटतात. मूळपेशींच्या एका सुईने पाय चालू लागतील आणि आगही थांबेल, अशी आशा विकणारी दुकाने शहरोशहरी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज मूळपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. तरी जमिनीचा तुकडा विकून ती सुई टोचून घेतलेली माणसे आढळतात. त्यांच्या भोळेपणाला हसण्यापूर्वी, त्यांना ती वाट धरावयास कोणी लावले याचाही विचार व्हावयास हवा.

आता, जे मागावयाचे त्याला कायद्याचा आधार नाही असे नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाने दिव्यांग व्यक्तींस, विशेषतः ग्रामीण भागात, राहत्या जागेच्या जवळपास आणि उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत आरोग्यसेवा, तसेच उपचारांत अग्रक्रम देण्याचे दायित्व सरकारवर टाकले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, ही या गरिबांना फार मोठी मदत आहे. परंतु ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे, घरी आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्यांचा विचार तीत नाही. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच्या आणि आपल्या खात्याच्या मधल्या जागेत ही वेदना पडून आहे: कल्याण विभाग म्हणतो, औषध हे आरोग्याचे काम, आरोग्य विभाग म्हणतो, दाखल्यापलीकडचे काम कल्याणाचे. आणि त्या दाखल्यावर अपंगत्वाचा प्रकार व टक्केवारी असते, वेदनेचा रकाना नसतो.

हे काम कसे करावे याचा धडा गिरविण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे वेदना व उपशामक शुश्रूषेची जी संस्था निघाली, तिच्यातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालविलेले शुश्रूषेचे जाळे उभे राहिले. २००८ साली त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. ते जाळे केवळ कर्करोग्यांपुरते राहिले नाही. मज्जारज्जूच्या इजेने खिळलेली माणसे त्यात मोजली गेली, आणि परिचारिका त्यांच्या घरी जाऊन व्रण पाहते, लघवीची नळी बदलते, दुखते का हे विचारते. महाराष्ट्रानेही २०१२ साली उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारलेले आहे. तेव्हा नवे धोरण मागत नाही. आहे त्या धोरणाच्या यादीत या माणसांची नावे घालावीत एवढेच मागतो.

सबब, पुढील तजवीज व्हावी अशी विनंती आहे. मज्जारज्जूच्या इजेचा रुग्ण कोणत्याही सरकारी दवाखान्यात, कोणत्याही कारणासाठी आला, तरी त्याच्या केसपेपरवर वेदना आहे काय, कोठे आहे, कशी आहे आणि दहापैकी किती आहे, या चार गोष्टींची नोंद सक्तीची करावी. वर सांगितलेली औषधे, बॅक्लोफेनसह, उपजिल्हा रुग्णालयापर्यंत अखंड ठेवावीत, आणि वैद्याने मात्रा एकदा स्थिर केली की तीन महिन्यांचा पुरवठा एकाच खेपेस, नात्यातील माणसाच्या हाती, देण्याची मुभा असावी. दर जिल्ह्यातील उपशामक शुश्रूषेच्या पथकाने अशा रुग्णांची यादी करून ठरावीक मुदतीने घरी भेट द्यावी, आणि वेदना नव्याने चढू लागलेल्या रुग्णाला एमआरआयसाठी पुढे पाठविण्याचा अधिकार त्या पथकातील वैद्यास असावा. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना मराठीत छापलेला एक कागद घरच्यांच्या हाती पडावा. त्यावर शेक देऊ नका, कूस बदला, नळी तुंबू देऊ नका, गोळी एकदम थांबवू नका, आणि पुढे कधी आग होऊ लागली तर ती खरी आहे असे समजून या, एवढे ठळक अक्षरांत असावे.

यावर एक आक्षेप येईल तो असा की, वेदना यंत्राने मोजता येत नाही, तेव्हा लोक वाटेल ते सांगतील. सांगोत बापडे! या रकान्यात आठ लिहिले म्हणून कुणाचे अनुदान वाढावयाचे नाही आणि दोन लिहिले म्हणून कुणाचा दाखला रद्द व्हावयाचा नाही. मग खोटे सांगण्यात लाभ कोणाचा? उलट, आज जे चालले आहे ते असे की, सांगणाऱ्यावर विश्वास न ठेवण्याची खबरदारी आम्ही इतकी घेतली की खरे सांगणारेही बोलेनासे झाले. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रीगॅबालिन जनऔषधी केंद्रांतून विकले जाते आणि अमिट्रिप्टिलिन हे तर जुने, स्वस्त औषध आहे. एका चिघळलेल्या शय्याव्रणासाठी रुग्ण पुन्हा दाखल झाला तर सरकारला जो खर्च येतो, त्याच्याशी वर्षभराच्या गोळ्यांचा आणि परिचारिकेच्या फेऱ्यांचा खर्च ताडून पाहावा, आणि मग आक्षेप घ्यावा.

हे सर्व एकाच दिवशी होणार नाही, हे मला ठाऊक आहे. औषधांच्या खरेदीला निविदा लागतात, पथकांना पदे मंजूर व्हावी लागतात, पदांना वित्त विभागाची संमती लागते. परंतु केसपेपरवरच्या रकान्याला यांपैकी काहीही लागत नाही. त्याला एक परिपत्रक आणि एक रबरी शिक्का पुरतो. म्हणून क्रमाने प्रथम तेच करावे. वर्षभराने त्या रकान्यांची बेरीज जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या टेबलावर येईल, आणि पुढच्या अंदाजपत्रकात किती गोळ्यांची आणि किती परिचारिकांची तरतूद करावयाची, हे मला सांगावे लागणार नाही. ते त्या आकड्यांतूनच निघेल. ते परिपत्रक चालू आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निघावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
एक नागरिक